हाड जुळलं, वाढीचं काय?

सोमवारी सकाळी दवाखान्याचं शटर वर जायच्या आधीच बाहेर तीन-चार जण उभे असतात. रविवारी दवाखाना बंद, आणि पिल्लांना पाय मोडून घ्यायला नेमका रविवारच सापडतो. घरात पाहुणे असतात, मुलांना सुट्टी असते, दार उघडं राहिलेलं असतं. पुण्यात कोथरूडच्या एका आतल्या गल्लीतला हा दवाखाना. बाकावर बसलेल्या एका ताईंच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेलं, साडेचार महिन्यांचं देशी पिल्लू. मागचा डावा पाय गुडघ्यापाशी सुजलेला. जिन्यावरून घसरलं, असं त्या सांगतात.

"पाय टेकत नाही, पण फार रडतही नाही डॉक्टर. मुरगळला असेल म्हणून हळद-मीठ लावलं काल."

डॉक्टर आधी पायाला हातच लावत नाहीत. ओठ वर करून हिरड्या बघतात, फिक्या पडल्यात का. छातीला स्टेथोस्कोप लावतात, पोट चाचपतात, पडल्यापासून लघवी झाली का, ते विचारतात. उंचावरून पडलेलं किंवा गाडीची धडक बसलेलं पिल्लू दगावतं ते बहुधा मोडलेल्या पायामुळे नाही, तर फुप्फुसाला मार बसल्याने किंवा मूत्राशय फुटल्याने. पायाला दिवसभर धीर धरता येतो, छातीला येत नाही.

मग एक्स-रे. दुखऱ्या पायाचे दोन, एक समोरून आणि एक बाजूने. त्यानंतर चांगल्या पायाचेही दोन. "धडधाकट पायाचा कशाला?" ताईंचा प्रश्न रास्त असतो. डॉक्टर दोन्ही चित्रं स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावतात. गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या हाडात, दोन्हीकडे एक काळी वेडीवाकडी रेघ आहे.

"ही फट दोन्ही पायांत आहे बघा. इथे हाड मोडलेलं नाही, इथून ते वाढतं. पण डावीकडे रेघेखालचा तुकडा मागे सरकलाय. वाढीच्या जागेतच फ्रॅक्चर आहे."

'वाढ' हा या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा शहरांची वाढ, महागाईची वाढ, मुलांची उंची असं बरंच काही समोर होतं. पण वाढ मिलिमीटरमध्ये मोजणारी आणि ती एका बाजूने थांबली तर काय होईल याची धास्ती घेणारी माणसं पशुवैद्यांच्या एक्स-रेच्या खोलीत भेटतात. पिल्लाचं मोडलेलं हाड जुळणं हा त्यांच्या लेखी कामाचा सोपा भाग. खरी काळजी त्यानंतरच्या सहा महिन्यांची.

हाड वाढतं ते टोकांपाशी

पायाचं लांब हाड मधून वाढत नाही. दोन्ही टोकांच्या जरा आत कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथल्या पेशी रांगा धरून विभागतात, फुगतात, त्यांच्याभोवती कॅल्शियम साचतं आणि हळूहळू त्यांची जागा हाड घेतं. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून तिथे काळी रेघ दिसते. वाढ पुरी झाली की हा थर हाडात विरून जातो आणि रेघ पुसली जाते. मध्यम बांध्याच्या कुत्र्यात बहुतेक ग्रोथ प्लेट १० ते १२ महिन्यांत बंद होतात. ग्रेट डेनसारख्या थोराड जातीत दीड वर्षही लागतं. जन्मताना अर्ध्या किलोच्या आत असलेलं लॅब्रडॉरचं पिल्लू वर्षभरात २५-३० किलोंचं होतं, तेव्हा त्याच्या उंचीचा सगळा भार या पातळ थरांनी उचललेला असतो.

पण हा थर नाजूक. सांध्याला बांधून ठेवणारे अस्थिबंध त्याच्यापेक्षा चिवट असतात. मोठ्या कुत्र्याचा गुडघा पिरगळला तर अस्थिबंध तुटतो. तोच झटका पिल्लाला बसला तर अस्थिबंध टिकतो आणि शेजारची ग्रोथ प्लेट सुटते. म्हणूनच पिल्लाचा पाय 'नुसता मुरगळलाय' हे घरगुती निदान अनुभवी पशुवैद्य सहजासहजी मान्य करत नाहीत.

या जखमांची वर्गवारी माणसांच्या वैद्यकातून आली. १९६३ साली टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस या दोन अस्थिशल्यविशारदांनी लहान मुलांच्या ग्रोथ प्लेटच्या दुखापतींचे पाच प्रकार पाडले. आज पशुवैद्यकाचे विद्यार्थीही 'सॉल्टर-हॅरिस एक ते पाच' घोकतात. पहिल्या प्रकारात हाड थेट प्लेटमधून सुटतं. दुसऱ्यात सुटता सुटता हाडाच्या दांड्याचा एक कोपरा बरोबर घेऊन जातं. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात चीर सांध्यात उतरते, आणि तिथे पृष्ठभाग तंतोतंत जुळवला नाही तर पुढे संधिवात ठरलेला. पाचवा प्रकार सगळ्यांत फसवा. त्यात काहीच मोडत नाही, काहीच सरकत नाही, प्लेटमधल्या पेशी फक्त चिरडल्या जातात. पहिल्या दिवशीचा एक्स-रे अगदी स्वच्छ येतो.

सगळ्या प्लेटांचा वाटाही सारखा नसतो. मांडीच्या हाडाची सुमारे तीन चतुर्थांश वाढ गुडघ्याजवळच्या प्लेटमधून होते. पुढच्या पायातल्या अल्ना या हाडाची तर जवळजवळ ८५ टक्के वाढ मनगटाजवळच्या एकाच प्लेटवर अवलंबून असते. त्यामुळे मोडलं किती, याच्या जोडीला डॉक्टर आणखी दोन गोष्टी विचारतात: कुठली प्लेट, आणि पिल्लू किती महिन्यांचं. नवव्या महिन्यात मांडीची प्लेट सुटली तर गमावण्यासारखी वाढ फारशी उरलेली नसते. चौथ्या महिन्यात सुटली तर बरीचशी वाढ अजून बाकी असते.

सोफा, स्कूटर आणि गुळगुळीत फरशी

शहरात पाय मोडण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. टॉय पॉमेरेनियनसारख्या चिमुकल्या जातींना सोफा पुरतो. त्यांच्या पुढच्या पायांची हाडं जेमतेम पेन्सिलीएवढी जाड, आणि उडी मारताना सगळं वजन त्यांच्यावरच येतं. मनगटाच्या वर रेडियस आणि अल्ना ही दोन्ही हाडं एकदम मोडतात. या भागात छोट्या जातींच्या हाडाला रक्तपुरवठाही तोकडा असतो, त्यामुळे नुसत्या प्लास्टरवर ठेवलं तर हाड न जुळण्याची भीती मोठी. सर्जन अशा वेळी सरळ धातूची छोटी प्लेट बसवायला सांगतात.

दुसरी तऱ्हा म्हणजे कडेवरून निसटणं. घरातलं सात-आठ वर्षांचं मूल पिल्लाला बाळासारखं उचलतं, पिल्लू वळवळतं आणि पुढच्या एका पायावर खाली येतं. दंडाच्या हाडाचं कोपरातलं बाहेरचं टोक निखळतं. सॉल्टर-हॅरिसचा चौथा प्रकार. फ्रेंच बुलडॉगच्या तीन ते पाच महिन्यांच्या पिल्लांत तो वारंवार दिसतो, आणि या जातीची शहरात चलती झाल्यापासून दवाखान्यांतही त्याची ओळख वाढली आहे.

तिसरी तऱ्हा पळण्या-उडण्यातली. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडावर पुढे जो उंचवटा लागतो, त्याला मांडीचा मोठा स्नायू जोडलेला असतो. वाढत्या वयात हा उंचवटा स्वतंत्र तुकडा असतो आणि कूर्चेने चिकटलेला असतो. पिल्लाने जोरात उडी मारली की स्नायूच्या ओढीने तो उपटून वर येतो. मार नाही, पडणं नाही, तरी लंगडतंय, अशी तक्रार घेऊन ही पिल्लं येतात.

याशिवाय स्कूटरच्या पायाशी उभी केलेली पिल्लं ब्रेक दाबल्यावर खाली येतात. वाऱ्याने आपटलेलं बाल्कनीचं दार पाय धरतं. व्हिट्रिफाइड टाइल्सच्या हॉलमध्ये चेंडूमागे धावताना मागचे पाय दोन दिशांना जातात. बंगल्याच्या अंगणात मालकच गाडी मागे घेतो.

यातली बरीच फ्रॅक्चर अर्धवट असतात. पिल्लाच्या हाडावरचं आवरण जाड आणि चिवट असतं, त्यामुळे हाड एका बाजूने तडकतं, दुसऱ्या बाजूने नुसतं वाकतं आणि तुकडे जागेवर राहतात. हेच आवरण नवं हाडही भराभर तयार करतं. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं साधं फ्रॅक्चर दोन ते चार आठवड्यांत धरतं. मोठ्या कुत्र्याला त्याच कामाला तीन-तीन महिने लागतात. हा वेग पिल्लाचं भाग्य, आणि उशिरा आणलेल्या पिल्लाचं दुर्दैवही. आठवडाभरात वाकड्या जागी गाठ धरते आणि मग ती सोडवूनच हाड बसवावं लागतं.

हाडवैद्यापासून सळईपर्यंत

गावाकडे अजूनही पहिला फेरा हाडवैद्याकडे होतो. बांबूच्या कामट्या, कापडाच्या पट्ट्या, वर कसला तरी लेप. माणसाला पट्टी घट्ट झाली तर तो ओरडतो. पिल्लू ती चावतं, आणि चावू नये म्हणून ती आणखी आवळली जाते. चार-पाच दिवसांनी पंजा गार पडतो, वास यायला लागतो आणि पिल्लू शहरातल्या दवाखान्यात येतं तेव्हा प्रश्न फ्रॅक्चरचा उरलेला नसतो, पाय कुठून कापायचा एवढाच असतो.

हाडवैद्यांना हसण्याचं मात्र कारण नाही. आधुनिक अस्थिशल्यशास्त्राचा एक धागा तिकडेच जातो. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातले. त्यांनी डॉक्टरकीची पदवी घेतली आणि पाय स्थिर ठेवण्यासाठी कड्याचा स्प्लिंट तयार केला. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात मांडीच्या फ्रॅक्चरसाठी तो वापरात आणला आणि जखमी सैनिकांचे जीव वाचले. कापसाचे थरावर थर देऊन बांधलेल्या जाडजूड पट्टीला आज पशुवैद्य 'रॉबर्ट जोन्स' म्हणतात ते याच जोन्सांच्या नावाने. थॉमसचा स्प्लिंटही पुढे कुत्र्यांच्या पायांवर चढला.

तिथे मात्र तो महागात पडला. पट्टीचा साधा नियम असा की मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर झाले पाहिजेत. नडगीला ते जमतं. मांडीच्या हाडाच्या वरचा सांधा म्हणजे खुबा, आणि कुत्र्याच्या खुब्याला पट्टी बांधता येत नाही. गुडघ्यावर संपणारी पट्टी उलट तरफेचं काम करते आणि तुकडे जास्तच हलवते. त्यातच पिल्लाचा पाय सरळ ताणून काही आठवडे बांधून ठेवला, तर मांडीचा पुढचा स्नायू हाडाला चिकटतो. पट्टी सोडल्यावर हाड जुळलेलं असतं, पण गुडघा वाकत नाही. पाय काठीसारखा मागे ताठ राहतो. एकदा असं झालं की तो पूर्ववत होणं जवळजवळ अशक्य. मांडीच्या फ्रॅक्चरला सर्जन पट्टी नाकारून ऑपरेशन सुचवतात, त्यामागे बिल वाढवण्याचा हेतू असतोच असं नाही.

उलट दिशेचाही एक प्रवास आहे. हाडात आडव्या पिना घालून त्या कातडीबाहेर दांड्याला जोडायच्या, या पद्धतीचं एक उपकरण ओटो स्टेडर या अमेरिकी पशुवैद्याने १९३०च्या दशकात कुत्र्यांसाठी बनवलं. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांच्या नजरेत ते भरलं, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने ते सैनिकांवर वापरलं.

आपल्याकडे छोट्या दवाखान्यांत आजही बरंचसं साहित्य माणसांच्या ऑर्थोपेडिकच्या दुकानातून येतं. माणसाच्या बोटांसाठी असलेल्या तारा पिल्लाच्या मांडीत बसतात, माणसाच्या तळहाताची प्लेट पॉमेरेनियनच्या पुढच्या पायात.

टेबलावर

साडेचार महिन्यांच्या त्या देशी पिल्लाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरतं. मोठ्या कुत्र्याला रात्रभर उपाशी ठेवतात, पिल्लाला तसं ठेवत नाहीत, कारण त्याची साखर झपाट्याने उतरते. भूल दिल्यावर अंगही पटकन गार पडतं. वॉर्डातले मामा रबरी हातमोज्यांत कोमट पाणी भरून, गाठ मारून, ते पिल्लाच्या दोन्ही बाजूंना टॉवेलाआड लावून ठेवतात. पाय भादरलेला, आयोडीनने पिवळा.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने चीर. वाटी हलकेच आतल्या बाजूला सारली की मांडीच्या हाडाचं खालचं टोक दिसतं, निळसर पांढरं, ओलं, चकचकीत. ते मागे झुकलंय. वरच्या हाडाची कड त्याच्यापुढे आली आहे. या जागेची ग्रोथ प्लेट सपाट नसते. चार उंचवटे चार खळग्यांत बसलेले असतात. सर्जन चिमट्याने टोक धरून गुडघा किंचित ताणतात आणि तुकडा हळूहळू पुढे आणतात. हत्यार फटीत घालून उचकटायचं नाही, हा इथला कडक नियम, कारण त्या फटीतच वाढणाऱ्या पेशी असतात. चार उंचवटे आपापल्या जागी गेल्याचं हाताला कळतं. तुकडा डुगडुगायचा थांबतो.

मग दोन तारा. एक आतल्या बाजूने, एक बाहेरच्या, तिरक्या वर जाणाऱ्या आणि फ्रॅक्चरच्या वर एकमेकींना ओलांडणाऱ्या. तारा गुळगुळीतच हव्यात, आटे असलेल्या नकोत. गुळगुळीत तारेवरून हाड सरकत वाढू शकतं, आट्यांची पकड त्याला जागीच धरून ठेवते. प्लेट आणि स्क्रू लावून हे फ्रॅक्चर जास्त भक्कम बसवता येईल, पण ग्रोथ प्लेटच्या आरपार गेलेला स्क्रू वाढ बंद करतो. इतका भक्कमपणा पिल्लाला परवडत नाही.

शेवटी सर्जन गुडघा पूर्ण वाकवतात, पूर्ण सरळ करतात, पुन्हा वाकवतात. तारांची टोकं कुठे अडत नाहीत ना, बघतात. टाके पडतात. पट्टी जवळजवळ नाहीच. गुडघा हलता राहायला हवा, म्हणून.

पाय वाकतो तो महिन्याभराने

मांडीचं फ्रॅक्चर निदान दिसतं तरी. पुढच्या पायाची गोष्ट वेगळी. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं जोडीने जातात आणि त्यांना बरोबरीनेच वाढावं लागतं. अल्नाची मनगटाजवळची ग्रोथ प्लेट शंकूच्या आकाराची असते. दुसऱ्या एखाद्या प्लेटला बाजूने धक्का बसला तर ती सरकते. शंकूला सरकायला जागा नसते, धक्का दाबात बदलतो आणि पेशी चिरडतात. सॉल्टर-हॅरिसचा पाचवा प्रकार इथेच सर्वांत जास्त सापडतो.

पिल्लू गॅलरीतून पडतं, दोन दिवस लंगडतं, एक्स-रेत काही निघत नाही, औषधाने बरं वाटतं. घरचे निर्धास्त. महिन्याभराने कुणाच्या तरी लक्षात येतं की याचा पंजा बाहेर वळलाय. अल्नाची वाढ थांबलेली असते आणि रेडियस वाढतच असतो. मग आखूड हाड दोरीसारखं ताणून धरतं आणि लांब होणारं हाड धनुष्यासारखं वाकतं. पाय पुढे कमान घेतो, मनगट आत झुकतं, पंजा बाहेर फिरतो, आणि वर कोपरात सांध्याची जागा उसवते. वाकडा पंजा दिसतो म्हणून लोक येतात. डॉक्टरांना जास्त चिंता कोपराची असते, कारण आयुष्यभर दुखणार ते कोपर.

वेळीच लक्षात आलं तर इलाज आहे, आणि तो ऐकणाऱ्याला बुचकळ्यात टाकणारा आहे. वाढ बाकी असलेल्या पिल्लाच्या अल्नातून एक-दोन सेंटिमीटरचा तुकडा सर्जन चक्क कापून काढून टाकतात. मोडलेलं हाड जुळवण्यात हयात घातलेला माणूस इथे हाड जुळू नये म्हणून धडपडतो. पिल्लाचं हाड इतक्या जोमाने भरून येतं की नुसती फट ठेवून भागत नाही. म्हणून पिल्लाच्याच अंगातली थोडी चरबी काढून फटीत भरतात. ताण सुटला की रेडियस पुन्हा सरळ वाढू लागतो आणि कोपर पुष्कळदा आपलं आपण सावरतं. वाढ संपल्यावर पिल्लू आणलं तर ही वाट बंद होते. मग रेडियस कापून, कोन मोजून, वळवून प्लेटने बसवायचा, हे मोठं आणि खर्चिक काम उरतं.

म्हणून पुढच्या पायाला मार बसलेल्या पिल्लाच्या केसपेपरवर, एक्स-रे स्वच्छ असला तरी, दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख पडते. त्या दिवशी दोन्ही पुढच्या पायांचे एक्स-रे काढून अल्नाची लांबी शेजारी-शेजारी ताडून बघतात.

दूधभाताने मोडलेली हाडं

काही पिल्लं पडलेलीच नसतात. सकाळी उठताना कळवळली, पाय उचलून धरला, एवढंच. एक्स-रेत हाडं आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकी दिसतात, कडा झिरझिरीत, एखाद्या ठिकाणी हाड दुमडलेलं. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न ठरलेला: खायला काय घालता?

उत्तरंही ठरलेली. दूधभात, दूधपोळी. मांसाहारी घरात बिनहाडांचं उकडलेलं चिकन, तेही मोठ्या प्रेमाने, गळ्यात हाड अडकू नये म्हणून. निव्वळ मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. पिल्लाला हवं असतं उलट, फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त कॅल्शियम. दुधात कॅल्शियम असतं, पण वाढत्या पिल्लाला ते पुरत नाही आणि भात-पोळी मिसळली की आणखी विरळ होतं. रक्तातलं कॅल्शियम तर राखावंच लागतं, नाहीतर हृदय आणि स्नायू चालणार नाहीत. मग मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून घेण्याचा हुकूम सोडतात. हाडं आतून रिती होत जातात.

इथे सळई-स्क्रू कामाचे नाहीत, मऊ हाडात ते धरत नाहीत. पिल्लाला छोट्या पिंजऱ्यात विश्रांती आणि पिल्लांसाठीचं संतुलित खाणं, हाच इलाज. काही आठवड्यांत एक्स-रेत हाडं पुन्हा पांढरी दिसू लागतात. कोवळ्या उन्हात बसवायचा सल्ला शेजारी हमखास देतात. तो माणसाच्या बाळाला लागू पडतो. कुत्र्याच्या कातडीत ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, ते पोटातूनच जावं लागतं.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच घरोघरी. ग्रेट डेन, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड आणलं की विकणाराच कॅल्शियमची पावडर आणि सिरपची बाटली हातात ठेवतो. चांगलं खाणं चालू असताना वर ही भर. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला आतड्यातून किती कॅल्शियम आत घ्यायचं हे नीट रोखता येत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंचसं अंगात जातं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हेर्मन हाझेविंकेल यांनी १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की जादा कॅल्शियमने हाडं बळकट होत नाहीत, त्यांची घडण बिघडते. कूर्चेचं हाडात रूपांतर अडतं, म्हणजे घाव पुन्हा ग्रोथ प्लेटवरच.

रस्त्यावरचं पिल्लू

देशी कुत्र्यांच्या माद्या बऱ्याचशा पावसाळा सरता सरता आणि हिवाळ्याच्या तोंडावर वितात. म्हणजे त्या सुमारास सोसायट्यांच्या भिंतींआड पिल्लं डोळे उघडत असतात, आणि डिसेंबर-जानेवारीत ती धावायला लागलेली असतात. थंडीत नुकत्याच थांबलेल्या गाडीखालची ऊब त्यांना बोलावते. सकाळी गाडी सुरू होते, चाक मागे येतं.

कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा माग ठेवला होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फक्त १९ टक्के पिल्लं प्रजननाच्या वयापर्यंत जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या रूपाने माणूस होता. वाहनांची धडक त्यातलं एक ठळक कारण.

मुंबईत जी पिल्लं वाचतात ती रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या कुणा फीडरच्या गाडीतून परळला पोचतात. तिथे पेटिट घराण्याच्या देणगीतून १८८३ साली उभं राहिलेलं, बैलघोडा हॉस्पिटल म्हणून जुन्या मुंबईकरांना ठाऊक असलेलं रुग्णालय आहे. त्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ट्रामचे आणि गाड्यांचे बैल-घोडे गेले, आता रांगेत कुत्री-मांजरं असतात. जुलै २०२४पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं पाच मजली रुग्णालयही सुरू झालं आहे. खासगी दवाखान्यात प्लेट बसवायची तर बिल सहज पाच आकड्यांत जातं, त्यामुळे या जागांवरचा ताण समजण्यासारखा आहे.

पण रस्त्यावरच्या पिल्लाबाबत ऑपरेशन जमतं का, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, त्यानंतर ते सहा आठवडे राहणार कुठे? तारा घातलेला पाय घेऊन पिल्लू रस्त्यावर सोडता येत नाही. कुणी बाथरूम दिलं, कुणी गॅरेज दिलं, तर हाड वाचतं. नाही मिळालं तर सर्जनला कधी कधी पाय काढण्याचा पर्याय निवडावा लागतो. तीन पायांचं कुत्रं पळतं, उड्या मारतं, भांडतंही. पण उरलेले तिन्ही पाय धड असतील तरच.

घरी गेल्यावर

कोथरूडच्या दवाखान्यात टाके घातलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी घरी जायला निघतं, तेव्हा डॉक्टर ताईंना दहा मिनिटं बसवून घेतात. तीन ते चार आठवडे पिंजरा किंवा प्लेपेन, म्हणजे उठून वळता येईल एवढी जागा. शी-शूला पट्टा लावूनच. जिना नाही, सोफा नाही. गुडघा दिवसातून तीनदा हळूहळू वाकवायचा आणि सरळ करायचा, दर वेळी दहा-पंधरा वेळा, पिल्लू कुरकुरलं तर तिथेच थांबायचं. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर काढायची नाही, "बिचारं दिसतं" म्हणून तर नाहीच. दुखतंय म्हणून घरातली ब्रुफेन द्यायची नाही. कुत्र्याच्या पोटात तिने अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांडीचं हाड मोडलेल्या दुसऱ्या एखाद्या पिल्लाला पुढे कधी आणावं लागलं, तर पायाला काही न बांधता फळीवर किंवा पुठ्ठ्यावर आडवं ठेवून आणायचं, हेही ते सांगून टाकतात.

अडचण अशी की पिल्लू हे सगळं मोडीत काढतं. पाचव्या-सहाव्या दिवशी ते पाय टेकतं, दहाव्या दिवशी पळायला बघतं. तिसऱ्या आठवड्यात घरच्यांना ते पूर्ण बरं वाटतं, आणि बऱ्या झालेल्या पिल्लाला भूल देऊन एक्स-रे काढायला पुन्हा कोण आणणार? नेमका तोच एक्स-रे सर्जनला हवा असतो. हाड धरलं का, तारा सैल होऊन कातडीखाली टोचतायत का, आणि काळी रेघ अजून उघडी आहे की बंद व्हायला लागली. रेघ वेळेआधी बंद झाली तर तो पाय आखूड राहणार. थोडी तूट कुत्रं सांधे जास्त ताठ ठेवून भरून काढतं. फार असेल तर पुढचा इलाज तेव्हाच ठरवावा लागतो.

काही सर्जनांनी यावर व्यवहारी तोड काढली आहे. पुढच्या दोन एक्स-रेंचे पैसे ते ऑपरेशनच्या बिलातच धरतात. पैसे भरून झालेत म्हटल्यावर माणसं आठवणीने येतात. ताईंच्या पावतीवरही त्या दोन ओळी आहेत: पहिला चार आठवड्यांनी, दुसरा पिल्लू आठ महिन्यांचं झाल्यावर. दोन्ही वेळा दोन्ही पायांचे.